अर्धा पांढरा चेंडू

“ताई, माझ्या पोरावर बालंट आलंय,” बसम्मा म्हणाल्या. समोर खुर्ची रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत.

बीडमध्ये टायरच्या दुकानावर वनमाला सानपची दोन खोल्यांची कचेरी होती. ती खासगी तपासाची कामं घ्यायची. अजिनाथ तिची गाडी चालवायचा, फोन घ्यायचा आणि त्याच्या स्वतःच्या मते निम्मा तपासही करायचा. उरलेला निम्मा ती डोक्यातल्या डोक्यात करायची आणि शेवटपर्यंत कुणाला कळू द्यायची नाही. या एका गोष्टीनं अजिनाथ कायम बेजार असायचा.

“कसलं बालंट?” वनमालानं विचारलं.

“चेंडू चोरून घासला म्हनत्यात. मन्मथनं. माझ्या मन्मथनं!”

बसम्मांचं चौसाळ्यात भांड्यांचं दुकान होतं. मुलगा मन्मथ शेटे बेसबॉल खेळायचा, आणि तोही पगार घेऊन. देवगिरी लीगमध्ये सहा क्लब होते, त्यांतला पाटोद्याचा बालाघाट क्लब यंदा पहिल्यांदाच जिंकला होता. मन्मथ त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. अंतिम सामन्यात शेवटचा गडी त्यानंच बाद केला. हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या सन्मानाला ‘मानाचा चेंडू’ म्हणत. अंतिम सामना ज्या चेंडूवर संपला, तोच चेंडू चांदीच्या बैठकीवर बसवून द्यायचा आणि खेळाडूला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवायचं, अशी लीगची रीत होती.

“आज सांजच्याला पाटोद्यात सत्कार हाय,” बसम्मा म्हणाल्या. “आन मंगळवारी कुनीतरी लीगला फोन केला. चेंडू बघा म्हनं. लीगचा मानूस आला, त्यानं पेटी उघडली, तर चेंडू खरवडलेला. आज निकाल लावनार. गुन्हा लागला तर मान गेला, जपान गेलं, तीन वर्षं मैदानात पाय ठेवायचा न्हाई.”

“चेंडू घासून काय होतं?” अजिनाथनं विचारलं.

“खरखरीत चेंडू हवेत वाकडा जातो,” वनमाला म्हणाली. “मारणाऱ्याला अंदाज येत नाही. मन्मथ बाद झाला तर मान कुणाला जाईल?”

“रविराजला. दोन नंबरला तोच हाय.”

“मग झालं की!” अजिनाथनं गाडीची किल्ली उचलली. “रविराजनंच केलं, ताई. केस संपली.”

बसम्मांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं किल्ली परत टेबलावर ठेवली.

“रविराज कॅचर हाय. मन्मथनं फेकलेलं तो झेलतो. पाच वर्षं एका ताटात जेवत्यात दोघं. काईबी बोलू नका.”

वनमालानं भिंग, रुमाल आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. “किल्ली घ्या, अजिनाथभाऊ. केस संपली नाही.”

मांजरसुंब्यापासून पाटोद्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना सत्काराचे फ्लेक्स लागले होते. प्रत्येकावर रविराज पुरुषभर उंचीचा, शेजारी त्याचे मामा उत्तरेश्वरराव हात जोडून. मन्मथ मात्र खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

“सर्वोत्तम खेळाडू कोण म्हणालात?” अजिनाथनं विचारलं.

“मामाच क्लबचा मालक हाय,” बसम्मा मागच्या सीटवरून म्हणाल्या. “पुढं आनखी काय विचारता?”

क्लबची कचेरी म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली. मैदानावर मांडव पडला होता, खुर्च्या उतरत होत्या, ध्वनिक्षेपकावर कुणीतरी सकाळपासून ‘हॅलो, हॅलो’ म्हणत होतं. फेब्रुवारी सरला नव्हता तरी पत्रा तव्यासारखा तापलेला.

लीगचे निरीक्षक राधाकिशन तोतला काचेची पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“तपास करा, माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “पण मला आज निकाल द्यायचाय. तुमच्याकडं दुपार आहे फक्त.”

“फोन कुणाचा होता?”

“मांजरसुंब्याच्या एका हॉटेलवाल्याचा नंबर. त्यानं कुणालातरी बोलायला दिला. कुणाला, आठवत नाही म्हणतो. दिवसातून दहा जण मागतात म्हणे.” तोतलांनी मोबाइल पुढं केला. “आमच्याकडं आवाज नोंदला जातो. ऐका.”

तोंडावर कापड धरल्यासारखा घोगरा आवाज आला. “पाटोद्याच्या पिचरनं पैल्या डावापासून चेंडूची एक बाजू घासून घासून खराब केली. शेवटाला तोच चेंडू फिरला. पेटी उघडून बघा.”

वनमालानं ते पुन्हा ऐकलं. अजिनाथनंही कान लावला, पण आवाजावरून म्हातारा की तरणा तेही त्याला ठरवता येईना. त्याची चिडचिड सुरू झाली.

तोतलांनी पेटी उघडली. चेंडू चांदीच्या वाटीसारख्या बैठकीत बसला होता. दिसत होती ती वरची बाजू गुलाबी होती, लाल टाक्यांच्या भोकाभोकांत गुलाल बसलेला. तोतलांनी तो उचलून उलटा केला. खालचा अर्धा भाग कुणीतरी किसणीवर धरल्यासारखा. चामड्याचे बारीक केस उभे राहिलेले, पांढरेफटक.

“हा अजून कुणी पाहिला?”

“मी आणि आता तुम्ही दोघं. पेटी उघडली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. बाकीच्यांना ‘घासलेला आहे’ एवढंच सांगितलंय. मन्मथलासुद्धा दाखवला नाही.”

वनमालानं भिंग लावलं. ती इतका वेळ वाकून राहिली की अजिनाथ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

“काय दिसतंय, ताई?”

“पांढरं.”

“ते मलाबी दिसतंय.”

तिनं भिंग पिशवीत टाकलं आणि ती दाराकडं निघाली. हेच ते, अजिनाथ मनात म्हणाला. हेच.

मन्मथ मांडवामागं उलट्या बादलीवर बसला होता, शेजारी बसम्मा उभ्या. उंच, सडपातळ, डावखुरा. डाव्या हातानं तो एकेक ढेकूळ उचलत होता आणि समोरच्या बाभळीच्या एकाच खोडावर मारत होता. एकही चुकत नव्हतं.

“कितींदा सांगू?” तो न वळताच म्हणाला. “घासला न्हाई. आता मलाच खोटं वाटाय लागलंय माझं बोलनं.”

“मी ते विचारत नाही. गुलाल कधी लागला?”

तो वळला. हा प्रश्न त्याला नवा असावा. “शेवटची स्ट्राइक पडली आन लगेच. रविराजनं झेलला, पळत येऊन माझ्या हातात दिला. तवर जेसीबीवरनं गुलाल चालू झालता. मंग ट्रॉलीत चढवलं आमाला. धक्काबुक्कीत चेंडू पडला हातातला. ट्रॉलीत इतका इतका गुलाल हुता,” त्यानं पोटरीला हात लावून दाखवलं. “त्यात लोळत गेला. लई येळ सापडंना.”

“घरी आनला तवा सगळीकडनं गुलाबी हुता,” बसम्मा म्हणाल्या. “एक रात देव्हाऱ्यात ठेवलता, ताई, मंग कचेरीत पेटीत बसवाया दिला. मी माझ्या हातानं पुसला. कुठं खरखर असती तर हाताला लागली नसती का?”

“मी हे तोतलासाहेबांना सांगू शकते,” वनमाला म्हणाली. “पण आईची साक्ष ते धरणार नाहीत.”

“कावून?”

“आई आहात म्हणून.”

बसम्मांनी पदर तोंडाला लावला. अजिनाथनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली.

रविराज मैदानाच्या टोकाला एकटाच बॅट फिरवत होता. अजिनाथनं ठरवूनच टाकलं होतं, म्हणून त्यानंच सुरुवात केली.

“मान तुला मिळनार. जपान तुला मिळनार. झाला ना फायदा?”

“घ्या ना मंग तुमीच, तुमीच जा जपानला!” रविराजनं बॅट जमिनीवर आपटली. “सकाळपासून समदे हेच बोलू लागले. तोंडावर न्हाई बोलत, पाठ फिरली की बोलत्यात. तुमी निदान तोंडावर बोललात.”

“ट्रॉलीत चेंडू कुणी शोधला?” वनमालानं मध्येच विचारलं.

“मीच. गुलालाच्या पोत्याखाली गेलता. माझं तोंड असं झालतं की आईनं वळखलं न्हाई.”

वनमालानं पिशवीतून एक नवा चेंडू काढला. तोतलांकडून तिनं तसे तीन मागून घेतले होते. “समज, तुला घासायचा असता. कुठं घासला असतास?”

“मी कावून घासू?”

“समज.”

रविराजनं चेंडू हातात फिरवला आणि टाक्याच्या जरा बाजूला अंगठ्याचं नख टेकवलं. “इथं. एवढुसा. जास्त केलं तर अंपायरला लगेच दिसंल.” त्यानं चेंडू परत दिला. “मला एकट्याला राहू द्या आता. हातमोजा असता तर सराव तरी केला असता. तोबी कचेरीत अडकलाय. सोमवारी घ्यायला गेलतो, तर मामांची मीटिंग चालू, कडी लावलेली. नंतर ये म्हनले. मंगळवारी तर साहेबांनी कुलूपच ठोकलं.”

“गुन्हेगाराला एवढा राग येत नाही,” परतताना अजिनाथ नाखुशीनं म्हणाला. रविराज हातचा जाणं त्याला पसंत नव्हतं.

“गुन्हेगारालाही येतो,” वनमाला म्हणाली. “रागाचं सोडा. त्याचं नख बघितलं का?”

“स्वच्छ हुतं.”

तिनं कपाळाला हात लावला.

प्रशिक्षक अर्जुनराव शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले. खुर्च्यांच्या रांगा सरळ नाहीत म्हणून ते मांडववाल्यावर खेकसत होते. वनमालानं त्यांना बाजूला घेतलं.

“मन्मथ जपानला गेला तर तुमचं नुकसान, सर. पुढच्या हंगामात पिचर कुठून आणणार?”

“म्हणून मी त्याला तीन वर्षं घरी बसवीन? बाई, तुम्हाला हिशेब येतो की नाही?”

अजिनाथ हसला. वनमालाही हसली, म्हणजे तो हिशेब तिनं आधीच केलेला होता.

“पहिल्या डावापासून चेंडू घासत होता, असं फोनवर म्हटलंय.”

 अर्जुनरावांनी एक लांब श्वास सोडला, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलासमोर सोडावा तसा. “मुंजाजीला विचारा. चेंडूंचं तोच बघतो. मला या खुर्च्या बघू द्या.”

मुंजाजी क्लबचं सामान सांभाळायचा आणि कचेरीत येईल त्याला चहाही तोच द्यायचा. तो गुलालाची पोती मोजून उतरवून घेत होता. अर्धा प्रश्न संपायच्या आत त्यानं रडगाणं सुरू केलं.

“चेंडूचं नावच काढू नका. मातीला लागला की अंपायर म्हनतो, दुसरा दे. तार ओलांडून जवारीत गेला की दुसरा दे. एका सामन्यात गोणीभर चेंडू लागत्यात, आन मालक, उत्तरेश्वरनाना, मलाच इचारत्यात, कुठं गेले? इकलेस का?”

“शेवटचा चेंडू किती वेळ खेळात होता?”

“त्याच्या आधीचा जवारीत गेलता. मी नवा दिला, कोरा. दोन फेकीत सामना संपला की.”

“सोमवारी कचेरीत कोण कोण आलं होतं?”

“सोमवारी?” मुंजाजीनं डोकं खाजवलं. “कुनीच न्हाई. सकाळी थर्मास भरून नेऊन ठेवलता, सांजच्याला तसाच उचलला. एक कपबी कमी न्हाई. आमच्याकडं मानूस आलं आन चहा न्हाई, असं व्हतच न्हाई. नाना शिव्याच घालत्याल.”

अजिनाथनं हे सगळं ऐकलं, आणि त्याला एवढंच कळलं की पाटोद्यात कुणीही विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. एकानं हातमोज्याचं रडावं, एकानं खुर्च्यांचं, एकानं चहाचं. दुपार कलली होती. मांडवात माणसं येऊन बसू लागली होती.

उत्तरेश्वरराव नाना गाडीतून उतरले ते दोन्ही हात पुढं करूनच. पांढरी कडक इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, कपाळाला गंध.

“ताई, शोधा! कोण हाय तो, मला नाव द्या. माझ्या क्लबच्या इज्जतीचा प्रश्न हाय.”

“क्लबचं विजेतेपद जाईल का, नाना?”

“त्ये न्हाई जात. हरलेल्यांनी तक्रार करायची मुदत संपली. पोराचा मान तेवढा जाईल.” त्यांनी मान हलवली. “लई वाईट. शेवटच्या ओव्हरला पोरानं काय विकेट काढली हो! अंगावर काटा आला माझ्या.”

वनमालानं बोलता बोलता नवा चेंडू त्यांच्या हातात दिला. “असाच असतो ना चेंडू?”

“असाच, असाच.” नानांनी तो झेलला, सवयीनं मांडीवर दोनदा घासला आणि परत केला. “तुमी जेवलात का? मुंजाजी, ताईंना जेवायला वाढ बे!”

नाना पुढं गेल्यावर अजिनाथचा संयम सुटला.

“ताई, चार जण झाले. कुनी कबूल करंना, कुनी काय पाह्यलं न्हाई, फोनचा पत्ता न्हाई. तुमाला कळलंय का काही? कळलं असंल तर मला सांगा, न्हाई तर घरी जाऊ.”

“तुम्हाला एक काम आहे.” तिनं त्याच्या हातात दोन नवे चेंडू आणि सुतारकामाचा पॉलिश पेपर ठेवला. “पहिला अर्धा घासा, मग गुलालात लोळवा. दुसरा आधी गुलालात लोळवा, मग अर्धा घासा. पुसू नका. तसेच कागदात गुंडाळून आणा.”

“कशापायी?”

“मी ओरडून सांगितलं तर सगळ्यांना कळेल.”

“हळू सांगा मंग!”

पण ती तोतलांच्या खोलीकडं निघालीसुद्धा होती. अजिनाथ पत्र्याच्या सावलीत बसून घासत राहिला. चामडं सोपं नव्हतं. बोटांची सालं निघाली, सदरा गुलाबी झाला, आणि मांडवातून ‘हॅलो, हॅलो’ चालूच होतं. त्या माणसाला समोर आणून त्याच्या तोंडात हा चेंडू कोंबावा असं त्याला वाटलं.

सत्काराच्या आधी सगळे पत्र्याच्या खोलीत जमले. तोतला टेबलामागं, भिंतीला टेकून मन्मथ आणि बसम्मा, दाराशी रविराज, अर्जुनराव आणि मुंजाजी. नाना खुर्चीवर, घड्याळ बघत.

“नाव सांगा आन मोकळं व्हा,” ते म्हणाले. “बाहेर गाव बसलंय.”

“आधी चेंडू,” वनमाला म्हणाली. तिनं कागद सोडले आणि दोन्ही चेंडू टेबलावर ठेवले. “हे अजिनाथभाऊंनी केलेत. यातला हा आधी घासला, मग गुलालात घातला. साहेब, तुम्ही स्वतः पुसा. हवा तेवढा जोर लावा.”

तोतलांनी रुमालानं पुसलं. गुळगुळीत बाजू फिकट गुलाबी झाली. घासलेली बाजू मात्र जितकी पुसावी तितकी लालभडक उठून दिसू लागली.

“खरखरीत चामडं गुलाल धरून ठेवतं,” वनमाला म्हणाली. “उभे केस असतात ना, त्यांच्या मुळाशी तो जातो. आता दुसरा पुसा. हा आधी गुलालात लोळला, मग घासला.”

दुसऱ्या चेंडूची घासलेली बाजू पांढरीफटक होती. वरचा गुलाबी थर चामड्यासकट निघून गेलेला.

तोतलांनी पेटीतला चेंडू काढून शेजारी ठेवला. अर्धा गुलाबी, अर्धा पांढरा. कुणालाही सांगायची गरज नव्हती, पण अजिनाथला राहवलं नाही.

“आधी गुलाल, मंग घासला! म्हंजे सामना संपल्यावर! आयला, ताई, मला दुपारी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“त्याच्या मुठीत असंल ती बाजू,” नाना म्हणाले. “गुलाल लागलाच नसंल तिथं.”

“ट्रॉलीत लोळला, मामा,” रविराज म्हणाला. “मीच उकरून काढला की.”

“मंग आता?” मुंजाजीनं विचारलं.

“आता कोण ते पाहू,” वनमाला म्हणाली. “फोनवाला म्हणतो, पहिल्या डावापासून एकच चेंडू घासला. मुंजाजी सांगतो, गोणीभर चेंडू लागतात आणि शेवटचा दोनच फेकी खेळला. पहिल्या डावातला चेंडू शेवटपर्यंत टिकतच नाही. हे रविराजला माहीत, सरांना माहीत, मुंजाजीला तर पाठ आहे. यांच्यापैकी कुणालाही खोटी तक्रार करायची असती, तरी असं वाक्य तोंडातून निघालं नसतं.” ती वळली. “नाना, तुम्ही जाणकार आहात. एखाद्यानं चेंडू घासायचाच ठरवला तर कसा घासावा?”

नाना मोकळेपणानं हसले. “त्यात काय इतकं? एक बाजू पुरी खरखरीत करायची, एक चकचकीत ठेवायची. तेवढं कळतं मला. तालुक्याचा कप्तान हुतो.”

“क्रिकेटचा,” अर्जुनराव हळूच म्हणाले.

 नानांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आता ते उगाचच तिथं होतं.

“बेसबॉलमध्ये नखाएवढी जागा पुरते,” वनमाला म्हणाली. “रविराजनं मला दाखवली. अर्धा चेंडू कुणी घासत नाही. क्रिकेटचा चेंडू तासन्‌तास चालतो, म्हणून तिथं एक बाजू राखतात आणि एक जाऊ देतात. हा चेंडू ज्यानं घासला तो क्रिकेटच्या डोक्यानं घासत होता. दुपारी मी नानांना नवा चेंडू दिला, तो त्यांनी आधी मांडीला पुसला. शेवटच्या ‘ओव्हर’मध्ये ‘विकेट’ पडली म्हणाले. या खोलीत तसं बोलणारे तेवढेच एक.”

“हा काय पुरावा झाला?” नाना उठले. “क्रिकेट समद्या म्हाराष्ट्राला येतं!”

“बरोबर. पण सोमवारी सगळा महाराष्ट्र या खोलीत कडी लावून बसला नव्हता. रविराज हातमोजा घ्यायला आला, तुम्ही आतून म्हणालात, मीटिंग आहे. मुंजाजी म्हणतो, सोमवारी चहाचा एक कपही संपला नाही. तुमच्या कचेरीत पाहुणा आला आणि त्याला चहा मिळाला नाही, असं कधी झालंय का?”

मुंजाजीनं नकळत मान हलवली. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं आणि तो जमिनीकडं बघू लागला.

“मामा,” रविराज म्हणाला. “कुनासंगं हुती मीटिंग?”

“तू गप ऱ्हा.”

“नाव सांगा ना एकाचं. मी आत्ता फोन लावतो.”

नानांनी दाराकडं पाहिलं, पण दारात रविराजच उभा होता. 

“तुझ्यासाठीच केलं बे!” ते शेवटी ओरडले. “घरातला पोरगा जपानला गेला असता. जिल्ह्यात नाव झालं असतं. याला काय, हा दुसरीकडं कुठंबी खेळंल!”

“तीन वर्षं कुठंच खेळला नसता तो,” रविराज म्हणाला.  “आन लोक म्हनले असते, रविराजनं केलं. सकाळपासून म्हनतच हुते.”

तोतलांनी चष्मा पुसला. मन्मथ निर्दोष, सन्मान कायम, लीगकडं तसा अहवाल जाईल, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. “राहिला प्रश्न स्टेजचा. तिथं मी काय जाहीर करू?”

“सगळं करा!” अजिनाथ म्हणाला. “नाव घेऊन करा!”

“नका करू,” मन्मथ म्हणाला.

तो भिंतीपासून पुढं आला. “नानाचं नाव निघालं की लोक म्हनतील, भाच्याला ठाऊक हुतं. ते कधी पुसलं जानार न्हाई. चेंडू माझा हाय एवढंच सांगा. बाकी अहवालात लिहा.”

अजिनाथनं वनमालाकडं पाहिलं. ती काहीतरी बोलेल, ठणकावेल, असं त्याला वाटलं. ती चेंडू कागदात गुंडाळत होती.

“आपलं काम त्याला सोडवायचं होतं,” ती म्हणाली. “कसं सुटायचं ते त्यानं ठरवलंय.”

मांडव खच्चून भरला होता. अजिनाथ आणि वनमाला बसम्मांसोबत तिसऱ्या रांगेत बसले. स्टेजवर नाना मधल्या खुर्चीवर, जणू काही झालंच नव्हतं. त्यांनी खेळाडूवृत्तीवर भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजिनाथनं मुठी मांड्यांखाली दाबून धरल्या.

मन्मथचं नाव पुकारलं गेलं. त्यानं तोतलांच्या हातून पेटी घेतली, नानांनी पुढं केलेल्या हाराला हात जोडले पण मान वाकवली नाही, आणि तो माइकपाशी गेला.

“सर्वांचे आभार. पुढच्या हंगामात मी या क्लबकडनं खेळनार न्हाई.”

 मागून आवाज उठला. “कावून बे? जपानचं तिकीट मिळालं तर गाव इसरला का?” कुणी शिट्टी मारली. कुणी ‘पैशाचा पोरगा’ म्हणालं. बसम्मांनी मान खाली घातली.

“ह्यांना काय माहीत!” अजिनाथ अर्धवट उठला. “मी सांगतो एकेकाला...”

“बसा खाली,” वनमाला म्हणाली. तिच्या आवाजातही चीड होती, आणि ती लपवण्याचा तिनं प्रयत्न केला नाही.

गोंगाटातच पुढचं नाव पुकारलं गेलं. हंगामातला सर्वोत्तम फलंदाज, रविराज. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना स्वतः उठले. भाच्यासाठी आणलेली भरजरी शाल त्यांनी दोन्ही हातांत पसरून धरली.

रविराज त्यांच्या समोरून सरळ माइकपाशी गेला. मन्मथ अजून तिथंच उभा होता.

“मीबी न्हाई,” रविराज म्हणाला.

दोघं मिळून पायऱ्या उतरले. बँडवाल्याला काही कळलं नव्हतं, त्यानं सवयीनं वाजवायला सुरुवात केली. नाना पसरलेली शाल धरून स्टेजच्या मधोमध उभे होते, आणि ती घालायला समोर कुणीच नव्हतं.